लॅमिंग्टन रस्त्याची यात्रा

मुंबईच्या ग्रँट रोड स्थानकावर उतरून पूर्वेच्या बाजूस बाहेर पडलें, म्हणजे थोड्याच चालीवर एक लांब, गजबजलेला रस्ता लागतो. पाट्यांवर त्याचें नांव 'डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग' असें आहे. परंतु हमालापासून हिशेबनिसापर्यंत सारे लोक त्यास अजून 'लॅमिंग्टन रोड' असेंच म्हणतात. १९०३ ते १९०७ या काळांत मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेले लॉर्ड लॅमिंग्टन यांच्यावरून तें जुनें नांव पडलें. हेच गृहस्थ पुढें १९४० सालीं लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्यें उधमसिंगांनीं ओडवायरवर गोळ्या झाडल्या, तेव्हां जखमी झाले होते. गव्हर्नर गेले, राज्य गेलें, पाटी बदलली. लोकांच्या जिभेवरून नांव मात्र उतरलें नाहीं.

आमच्या पिढीस हा रस्ता ठाऊक आहे तो चित्रगृहांमुळें. येथल्याच मिनर्व्हांत १९७५ सालीं लागलेला 'शोले' पांच वर्षें चालला होता. आतां मात्र येथें निराळीच पेठ भरते. रेडिओच्या सुट्या भागांसाठीं ज्या गाळ्यांकडे पूर्वीं लोक धांव घेत, त्यांच्याच वंशांतलीं म्हणावीं अशीं दुकानें आज संगणकाचे अवयव विकतात. पदपथावर तारांचीं भेंडोळीं, दारांत रिकाम्या खोक्यांच्या चळती, आंत फळीवर मांडलेले हिरवे-काळे मदरबोर्ड, आणि चोहोंकडून मराठी, गुजराती व मुंबईची हिंदी यांचा एकच कल्लोळ. पंढरीच्या वाटेवर ज्याला त्याला विठोबाची ओढ, तशी येथें ज्याला त्याला आपल्या बंद पडलेल्या यंत्राची चिंता.

तशीच चिंता घेऊन मी व माझा पुतण्या गेल्या मार्गशीर्षांत कल्याणहून निघालों. दादरला गाडी बदलतांना त्यानें संगणकाची पेटी पोटाशीं धरली होती, आणि मी तिच्याभोंवतीं हातांचें कडें केलें होतें. कारण त्या पेटींत आमच्या घराण्याचा कुलवृत्तान्त होता. माझ्या कै. वडील बंधूंनीं अकरा वर्षें गांवोगांव हिंडून, देवळांतल्या नोंदी व म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी गोळा करून तो रचला होता. त्यांच्या हातचीं शेवटचीं तीन प्रकरणें त्या एकाच यंत्रांत होतीं. बाहेर काढलेली प्रत दोन वर्षांपूर्वींची. वहिनींनीं निघतांना दही हातावर घातलें आणि इतकेंच म्हटलें, "भाऊजी, यंत्र नाहीं झालें तरी चालेल. यांचें लिहिलेलें तेवढें परत आणा."

घडलें होतें तें असें. २०१९ सालीं घेतलेला संगणक मंद झाला, म्हणून पुतण्यानें नवा प्रोसेसर मागविला. बैठक तीच, म्हणजे ज्या सॉकेटांत तो बसावयाचा तें दोहोंचें एकच. तो बसलाही. पंखे फिरूं लागले, दिवे लागले, पण पडदा काळा तो काळाच. जवळच्या एका दुकानदारानें पेटी न उघडतांच निदान केलें, "बोर्ड गेला. नवा घ्या, जुना प्रोसेसर बदल्यांत द्या, किंमत कमी करतों." पुतण्या जवळजवळ कबूलही झाला होता. मी म्हटलें, ज्या दुखण्याचें कारण कळलें नाहीं, त्याच्या औषधास पैसे देणें बरें नव्हे. जुना प्रोसेसर आम्हीं डबींत घालून बरोबर घेतला.

येथील एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, अरुंद जिना चढून गेल्यावर, ज्या कारागिराकडे आम्ही गेलों, तो तिशीचा तरुण होता. त्यानें अगोदर आमची हकीकत सारी ऐकून घेतली. मग पेटी उघडून क्रमानें पाहूं लागला. प्रोसेसरला वीज देणारी आठ छिद्रांची निराळी तार नीट बसली आहे ना. प्रोसेसरच्या पोटाखालची एखादी सुई वांकली नाहीं ना. पडद्याची तार योग्य जागीं आहे ना. "काका," तो म्हणाला, "कांहीं प्रोसेसरांत चित्र काढण्याची सोयच नसते. लोक तार बोर्डाला लावतात, पडदा काळा दिसतो, आणि बोर्ड मेला म्हणून रडतात. तुमच्यांत ती सोय आहे." मग त्यानें बोर्डाच्या कडेचे चार बारीक दिवे दाखविले. यंत्र जागें होतांना प्रोसेसर, मेमरी, चित्रकार्ड व प्रारंभाची डिस्क यांची ओळीनें परीक्षा घेतें. जेथें अडतें तेथला दिवा तेवत राहतो. आमचा पहिलाच दिवा तेवत होता.

त्यानें नवा प्रोसेसर काढून डबींतला जुना बसविला. कळ दाबतांच पडद्यावर अक्षरें उमटलीं. बोर्ड मेलेला नव्हता! दोष नव्या प्रोसेसरचाही नव्हता. दोघांची ओळख तेवढी नव्हती.

आमच्या न्यायशास्त्रांत वाक्याचा अर्थ कळण्यास आकांक्षा, योग्यता व संनिधि अशा तीन गोष्टी लागतात असें सांगितलें आहे. 'विस्तवानें शिंपतो' या वाक्यांत शब्द शेजारीं आहेत, एकमेकांची अपेक्षाही आहे. पण विस्तवाला शिंपण्याची योग्यता नाहीं, म्हणून अर्थ निघत नाहीं. आमच्या यंत्राचें तसेंच झालें होतें. सॉकेटांत बसणें हा केवळ संनिधि होय. योग्यता ठरते ती बोर्डावरच्या एका चिमुकल्या चिपेंत साठविलेल्या 'बायोस' नामक प्रारंभिक संहितेनें. ती संहिता ज्या सालीं लिहिली, त्यानंतर जन्मलेल्या प्रोसेसरचें नांव तिच्यांत कोठून असणार?

या योग्यतेच्या कथा मोठ्या बोधप्रद आहेत. इंटेल कंपनीनें २०१५ सालीं ११५१ स्पर्शबिंदूंचें सॉकेट काढलें. २०१७ च्या अखेरीस आठव्या पिढीचे प्रोसेसर आले, तेही ११५१ बिंदूंचेच. परंतु पूर्वींच्या बोर्डांवर ते अधिकृतपणें चालेनात, त्यांस नव्या मालिकेचेच बोर्ड लागले. केवळ संख्या पाहून खरेदी करणारे फसले. एएमडी कंपनीनें उलट एएम४ हें एकच सॉकेट अनेक वर्षें टिकविलें. पण तेथें निराळी अडचण उभी राहिली. पुष्कळ बोर्डांवरील बायोसची चिप १६ मेगाबाइटांची. तिच्यांत किती पिढ्यांचीं नांवें मावणार? मे २०२० मध्यें कंपनीनें सांगितलें कीं, येणारे प्रोसेसर जुन्या ४०० मालिकेच्या बोर्डांवर चालणार नाहींत. ग्राहकांनीं ओरड केली, आणि त्याच महिन्यांत तो निर्णय फिरविला गेला. त्याच कंपनीनें २०१८ सालीं आणखी एक गंमत केली होती. नवी संहिता भरण्यास यंत्र चालू हवें, आणि यंत्र चालू होण्यास नवी संहिता हवी, अशा पेंचांत सांपडलेल्या ग्राहकांस तिनें जुना प्रोसेसर चक्क उसना पाठविला. किल्ली पेटींत आणि पेटीला कुलूप, अशी ही अवस्था! आमच्याजवळ मात्र ती उसनी आणावयाची वस्तु डबींत होती.

कारागिरानें बोर्डाचें पूर्ण नांव वाचून निर्मात्याच्या यादींत पाहिलें. नवा प्रोसेसर यादींत होता. त्यापुढें, कोणत्या आवृत्तीपासून चालेल, तो आंकडा होता. आमची आवृत्ति त्याहून पुष्कळ जुनी निघाली. नव्या आवृत्तींत जुना प्रोसेसरही कायम आहे, याचीही त्यानें खात्री केली. पेनड्राइव्ह हातांत घेऊन तो थांबला. "काका, डिस्कला कुलूप आहे का?"

कुलूप होतें! पुतण्यानें सुरक्षेसाठीं तें घातलें होतें, आणि उद्धाराच्या किल्लीचा कागद घराच्या रंगकामांत गहाळ झाला होता. कारागिरानें समजावून सांगितलें कीं, या कुलपाची नित्याची किल्ली प्रोसेसरशीं बांधलेल्या एका गुप्त कप्प्यांत असते. प्रोसेसर बदलला कीं यंत्र विचारतें, जुना कप्पा पुसूं का? 'हो' म्हटलें आणि उद्धाराची किल्ली जवळ नसली, तर डिस्क कायमची मुकी. जुना प्रोसेसर बदल्यांत देऊन आम्हीं नवा बोर्ड घेतला असता, तर वडील बंधूंचीं तीन प्रकरणें डिस्कवर असून नसल्यासारखीं झालीं असतीं. माझ्या अंगावर कांटा उभा राहिला.

यंत्र जुन्या प्रोसेसरवर चालू होतें, म्हणून किल्ली पडद्यावर मागवितां आली. अठ्ठेचाळीस अंक, सहा-सहांचे आठ गट. पुतण्यानें वाचले, मीं लिहिले. मग मीं वाचले, त्यानें ताडून पाहिले. मग शेवटाकडून आरंभाकडे पुन्हा. पाठशाळेंत पदपाठ घोकतांना गुरुजी जी शिस्त लावीत, ती साठीनंतर अशी कामीं आली. तीन प्रकरणांची प्रतही तेथेंच काढून मीं आंतल्या खिशांत ठेविली. मगच कारागिरानें कुलूप तात्पुरतें स्थगित करून नवी संहिता भरली. तीं कांहीं मिनिटें कोणी बोललें नाहीं; कारण त्या अवधींत वीज गेली तर बोर्ड खरोखरीच मरतो. त्यानंतर नवा प्रोसेसर बसला, तो प्रश्न आला, 'हो' म्हटलें गेलें, आणि यंत्र जागें झालें. त्यानें पांचशें रुपये घेतले. दुकानदारानें सांगितलेला खर्च आठ हजारांचा होता.

वाचकांपैकीं कोणास या यात्रेस जावें लागल्यास चार गोष्टी ध्यानांत असाव्या. बोर्डाचें पूर्ण नांव व त्याच्या बायोसची आवृत्ति कागदावर लिहून न्यावी. निर्मात्याची यादी खरेदीपूर्वीं पाहावी, नंतर नव्हे. डिस्कच्या कुलपाची किल्ली घरांतल्या दोन माणसांपाशीं, दोन जागीं असावी. आणि नवें यंत्र पूर्ण चालूं लागेपर्यंत जुना प्रोसेसर कोणासही देऊं नये. एकत्र कुटुंबांत वडीलधाऱ्यांविषयींही हाच नियम आहे. नव्याला घरची ओळख पटवून देणारा जुना माणूस लागतोच.

कुलवृत्तान्ताचीं तीं तीन प्रकरणें आतां छापखान्यांत गेलीं आहेत. मुद्रितें वहिनी स्वतः तपासतात.