विकणे आहे: एक शिडाची नौका

‘विकणे आहे’ हे दोन शब्द लिहिणे किती सोपे असेल, असे वर्तमानपत्रांतील छोट्या जाहिराती वाचताना आम्हांला नेहमी वाटे. घर असो, गाय असो, शिवणयंत्र असो, साऱ्यांना हेच दोन शब्द लागू पडतात. परंतु २०२२ च्या फेब्रुवारीत ते शब्द आमच्याच एका वस्तूविषयी लिहिण्याची पाळी आली, तेव्हा सबंध संध्याकाळ आणि वहीचे चार कागद खर्ची पडूनही जाहिरात पुरी होईना.

ती वस्तू म्हणजे २६ फूट लांबीची शिडाची नौका. आम्ही उभयता मूळचे वसईचे. एकाचे घर पाचूबंदरला, जाळी वाळत घालणाऱ्या कोळ्यांच्या वस्तीत. दुसरीचे माहेर केळीच्या वाडीतले. एकाने जहाजांवर इंजिनिअर म्हणून नोकरी केली, दुसरीने इस्पितळात परिचारिका म्हणून. १९८८ पासून आमचा संसार इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर आहे. शिडाची नौका बाळगणे हा इकडे केवळ धनिकांचा षौक असतो, असा आमच्या नातलगांचा समज होता. त्यांच्या घरी आमच्या नौकेचे छायाचित्र पोचले तेव्हा आमच्याविषयी बरेच गैरसमज झाले. खरी गोष्ट अशी की, १९७४ साली बांधलेली ती नौका आम्ही १९९६ साली घेतली, तेव्हा तिची किंमत एखाद्या जुन्या मोटारीहून अधिक नव्हती. आमच्याआधी तिचे दोन मालक होऊन गेले होते.

चिचेस्टर बंदराच्या एम्सवर्थ या गावी खाडीतल्या चिखलात ती बांधलेली असे. तिच्या पोटाखाली एकाऐवजी दोन कणे होते. नौकेच्या कण्याला आमच्याकडे ‘पठाण’ म्हणतात. दोन पठाण असले की ओहोटीला पाणी ओसरल्यावर नौका एका कुशीवर कलंडत नाही. शेणाने सारवलेल्या अंगणात म्हैस उभी राहावी तशी चिखलावर सरळ उभी राहते. त्या चिखलाला वसईच्या खाडीसारखाच वास येई. परक्या मुलुखात एवढी ओळख पुरली, आणि आम्ही त्या नौकेत गुंतलो ते सव्वीस वर्षांसाठी.

पुढे आमच्यापैकी एकाच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी दोर ओढणे, नांगर उचलणे बंद करायला सांगितले. मुलगी लांब कॅनडात. दोन हिवाळे नौका तशीच उभी राहिली. न वापरलेली नौका वापरलेल्या नौकेपेक्षा लवकर म्हातारी होते. तेव्हा विकायचे ठरले आणि आम्ही यादी करायला बसलो.

प्रथम शिडे. मोठे शीड एक, पुढचे शीड एक, आणि वादळात लावायचे लहान जाड शीड एक. हे तिसरे आम्ही कधीच उभारले नाही; ते पिशवीत घडी घालून राहिले, याबद्दल आम्ही देवाचे आभार मानतो. शिडाला वाऱ्यापेक्षा उन्हाचे भय अधिक. ऊन खाल्लेल्या कापडाची शिवण बोटाने दाबली तरी उसवते. म्हणून विकत घेणारा जाणता असेल तर तो शिडाचा पांढरेपणा पाहत नाही, शिवण पाहतो. मग डोलकाठी आणि तिला चहूंकडून ताणून धरणाऱ्या पोलादी तारा. वरून त्या चकचकीत दिसतात. मात्र टोकाशी, जेथे तार खोबणीत दाबून बसवलेली असते, तेथे एखादा धागा आतल्या आत तुटलेला असू शकतो. म्हणून तारा दहापंधरा वर्षांनी बदलाव्यात असा येथे प्रघात आहे. आम्ही त्या २०१४ साली बदलल्या होत्या. तसे लिहिले.

नंतर नांगर. मराठी भाषेची एक गंमत आम्हांला या नांगराने शिकवली. शेत नांगरायचा तोही नांगर, आणि नौका थोपवायचा तोही नांगरच. आमचा लोखंडी नांगर तर दिसायलाही शेतातल्या फाळासारखा. १९३३ साली केंब्रिजचे शास्त्रज्ञ जेफ्री टेलर यांनी या घाटाचा नांगर योजला. ते स्वतः शिडाच्या नौकेचे शौकीन होते. हलक्या नांगराने मोठ्या नौकेला कसे धरावे, हा त्यांच्यापुढचा प्रश्न. ओढ बसली की हा फाळ वाळूत अधिकाधिक खोल शिरतो, आणि नौका थांबते. आमच्यातील एक कोळ्याचा आणि दुसरी वाडीवाल्याची. आमच्या घरात नांगर या शब्दावरून कधी भांडण झाले नाही.

यादी पुढे सरकली. डिझेल इंजिन, तळाचे पाणी उपसायचा हातपंप, होकायंत्र, सोळा नंबरच्या वाहिनीवर संकटाची हाक देण्यासाठी रेडिओ, गॅसची दोन तोंडांची शेगडी. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो गळला तर नौकेच्या तळाशी साचतो, आणि मग एक ठिणगी पुरते. म्हणून सिलिंडरची पेटी वेगळी असते आणि तिच्या तळाला बाहेर उघडणारे भोक असते. ते भोक मोकळे आहे, असे लिहिले. जीवरक्षक जाकिटे चार. त्यांपैकी एक लहान मुलाच्या मापाचे. त्याच्या आतल्या बाजूस आमच्या मुलीने सातव्या वर्षी शाईने आपले नाव लिहिले होते. ते यादीत घालावे की ठेवून घ्यावे, यावर थोडा वेळ गेला. शेवटी घातले. जाकीट कपाटात ठेवून कोणाचाही जीव वाचत नाही.

येथवर यादी ठीक चालली होती. कागद अडला तो पुढच्या ओळीशी: ‘तळाची स्थिती’.

वाचकहो, ही हकीगत सांगायला आम्हांला संकोच वाटतो. २०११ च्या ऑगस्टात काऊझ गावाहून साउदॅम्प्टनच्या खाडीकडे येताना आम्ही ब्रॅम्बल नावाच्या वाळूच्या पट्ट्यावर चढलो. हा पट्टा सामुद्रधुनीच्या मध्यावर आहे. वर्षातून एकदा मोठ्या उधाणाच्या ओहोटीला तो उघडा पडतो, आणि तेवढ्या वेळात दोन नौकाक्लबांचे लोक त्यावर क्रिकेटचा सामना खेळतात. २००८ साली ‘क्वीन एलिझाबेथ २’ हे प्रचंड जहाजही याच पट्ट्यावर रुतले होते, असे सांगून आम्ही पुढे स्वतःचे समाधान करून घेत असू. दोष मात्र पूर्णपणे आमचा होता. भरती-ओहोटीचे कोष्टक हाताशी असून पाहिले नव्हते. पाणी ओसरत होते. जाणाऱ्या-येणाऱ्या मोठ्या जहाजांच्या लाटा नौकेला उचलीत आणि वाळूवर आपटीत. पुढची भरती येईपर्यंत आम्ही तो प्रत्येक दणका मोजला.

त्या वेळी काही दिसले नाही. पुढच्या वसंतात डाव्या पठाणाच्या जोडापाशी आतल्या बाजूस ओंजळभर पाणी आढळले. बोट बुडवून जिभेला लावले. पावसाचे असते तर गोडे लागले असते. ते खारट होते. आम्ही नौका किनाऱ्यावर घेतली, जोड घासला, काचतंतूंचे कापड आणि राळ यांचे थर दिले, वरून रंग लावला. काम नीट झाले असे वाटले. दहा वर्षे तळ बहुधा कोरडाच राहिला. ‘बहुधा’ हा शब्द आम्ही जाणून लिहीत आहोत. दोनदा पुन्हा ओल दिसली होती. जाणत्या कारागिराकडून तो जोड आम्ही कधी तपासून घेतला नाही. रंगाखाली तो कोणाला दिसणारही नव्हता.

त्या संध्याकाळी आम्हां दोघांत एकमत नव्हते. एकाचे म्हणणे असे: येथील कायद्याप्रमाणे खाजगी विक्रेत्याने खोटे सांगू नये, पण विचारल्याविना प्रत्येक दोष सांगण्याचे बंधन त्याच्यावर नाही. घेणाऱ्याने सावध राहावे, तपासनीस आणावा, त्याने छोट्या हातोडीने तळ ठोकून पाहावा. तेवढ्यासाठीच तो पैसे घेतो. दुसरीचे म्हणणे असे: रोग्याच्या कागदावर आपण कधी ‘बहुधा बरा’ असे लिहिले नाही. यावर पहिला गप्प बसला. पण पटले म्हणून नव्हे.

कारण या पैशांना आधीच वाट फुटली होती. पाचूबंदरच्या घरी थोरली बहीण एकटी राहते. घराचे वासे वाळवीने खाल्लेले, कौले सरकलेली. नौकेचे साडेपाच हजार पौंड आले की छप्पर नवे करून देऊ, असा शब्द आम्ही तिला दिला होता. त्या वेळच्या भावाने ते सुमारे साडेपाच लाख रुपये होत होते. दोष लिहिला तर किंमत उतरणार, आणि तो उतार आमच्या नव्हे, तिच्या डोक्यावर गळणार. हा विचार केला की गप्प बसणे हेच कर्तव्य वाटू लागे. स्वतःच्या लाभासाठी मन इतके चतुर होत नाही. आपल्या माणसाच्या नावाने मात्र ते फार चतुर होते.

अखेर तिलाच फोन केला. वाटले होते, ती म्हणेल, तुम्ही शिकलेली माणसे, तुम्हांला कळते. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “आजोबांची होडी आठवते का रे तुला?”

आठवण म्हणजे ऐकीवच. बोटींना इंजिने बसू लागली, तेव्हा आजोबांनी १९६३ साली आपली शिडाची होडी विकली. अर्नाळ्याचा एक माणूस घेणार होता. सौदा ठरला, विसार दिला गेला. मग आजोबा त्याला ओहोटीच्या वेळी होडीपाशी घेऊन गेले, त्याचा हात धरून मागच्या बाजूच्या एका फळीवर ठेवला आणि म्हणाले, “ही कुजली आहे. पावसाआधी बदल.” त्यापायी चाळीस रुपये कमी झाले. आजी दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

“अरे, छप्पर गळलं तर खाली टोप ठेवता येतो,” बहीण म्हणाली. “होडी गळली तर खाली काय ठेवशील?”

त्यावर बोलण्यासारखे काही उरले नाही. आम्ही पाचवा कागद घेतला. वाळूवर चढल्याची तारीख, खारट पाणी, घरी केलेली दुरुस्ती आणि त्यानंतर दोनदा दिसलेली ओल, सगळे लिहिले. पहिला गिऱ्हाईक जाहिरात वाचून फिरकलाच नाही. दुसरा आला, तळाशी वाकून पाहून गेला आणि परतला नाही. एप्रिलच्या शेवटी एक तरुण जोडपे आले; त्यांच्यासोबत पाच वर्षांची मुलगी होती. त्यांनी बरेच प्रश्न विचारले, तपासनीस आणला, आणि तीन हजार सहाशे पौंड देऊ केले. आम्ही होकार दिला. लहान जाकीट त्या मुलीने तेथल्या तेथे अंगात घातले आणि आतले नाव अक्षर जुळवीत वाचले.

आम्ही नौकेतून आमच्या नोंदवह्या तेवढ्या काढून घेतल्या. आतल्या दाराशी चिकटवलेले मरियेचे छोटे चित्र नव्या मालकिणीने राहू द्या म्हणून सांगितले, म्हणून राहू दिले.

जुलैत त्यांचे पत्र आले. पाण्यात उतरवण्यापूर्वी त्यांनी कारागिराकडून तो जोड उघडून घेतला होता. आमच्या थरांखाली चीर तशीच होती. आम्ही समजत होतो त्याच्या दुप्पट लांब. आता ती पक्की भरली आहे, आणि जाहिरातीत लिहिले नसते तर आम्ही त्याच महिन्यात मुलीला घेऊन फ्रान्सला निघणार होतो, असे त्यांनी लिहिले होते. आम्ही ते पत्र दोनदा वाचले. रात्री आमच्यापैकी कोणालाही लवकर झोप लागली नाही.

पाचूबंदरच्या घराचे समुद्राकडचे निम्मे छप्पर त्या वर्षी झाले. उरलेले निम्मे पुढच्या वर्षी, आमच्या निवृत्तिवेतनातून थोडे थोडे साठवून. मधला एक पावसाळा बहिणीने तसाच काढला. त्या जूनमध्ये तिने एकदा फोन केला आणि काही न बोलता तो स्वयंपाकघरात नेऊन धरला. टोपात थेंब पडत होते. मग ती हसली आणि म्हणाली, “ऐकलंस? टोप पुरतो.”