मोटारीची पत्रिका

बाईमाणसाला वय विचारू नये असा शिष्टाचार आहे. मोटारीच्या बाबतीत तो कुणीच पाळत नाही. "कोणत्या सालची?" हा पहिला प्रश्न, आणि साल ऐकले की "मग अजून किती वर्षे चालेल?" हा दुसरा. आमची मारुती आठशे १९९८ सालची. त्यामुळे हा दुसरा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे, की मोटारीची पत्रिका मांडण्याचे थोडेफार शास्त्र आता मलाही अवगत झाले आहे.

या शास्त्रात पहिला ग्रह कायदा. पंधरा वर्षे झाली की गाडी मेली, असा पुष्कळांचा समज असतो. तसे नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घेता येते. आमच्या गाडीने २०१३, २०१८ आणि २०२३ अशा तीन परीक्षा दिल्या. परीक्षेची फी मात्र वाढत गेली. नूतनीकरणाला जे सहाशे रुपये पडत, ते एप्रिल २०२२ पासून पाच हजार झाले. शिवाय महाराष्ट्रात जुन्या गाडीला पर्यावरण कर निराळा. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, आणि शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदली गेली ऑक्टोबर २००३ मध्ये. म्हणून ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस तिने मुंबईच्या रस्त्यांचा निरोप घेतला. इंजिनाला विचारून ही तारीख ठरली नव्हती.

दुसरा ग्रह किलोमीटर. आमच्या गाडीच्या मीटरला पाचच आकडे. नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव झाले की बापडा पुन्हा शून्यापासून सुरुवात करतो. हे भाग्य माणसाच्या वाट्याला येत नाही. वेळच्या वेळी ऑइल बदलले, पाणी तपासले आणि टायमिंगचा पट्टा तुटण्याची वाट न पाहता बदलला, तर लहान पेट्रोल इंजिन दीड लाख किलोमीटर सहज काढते. जपणाऱ्याच्या हातात दोन लाखही. पण कमी चाललेली गाडी म्हणजे धडधाकट गाडी, हे काही खरे नव्हे. घर ते मंडई आणि मंडई ते घर एवढेच चालणाऱ्या गाडीचे इंजिन पुरते तापतच नाही. आत धरलेला ओलावा ऑइलमध्ये राहतो आणि सायलेन्सर आतून गंजतो. नुसती उभी राहिलेली गाडी तर त्याहून वाईट. बॅटरी उतरते, रबर वाळते, आणि वायरींवर उंदीर चातुर्मास सोडतात.

तिसरा ग्रह हवा, आणि माझ्या मते हाच सर्वांत बलवान. आमच्या नात्यात त्या सुमाराच्या तीन आठशे होत्या. एक अलिबागला माझ्या मेव्हण्यांकडे, एक सोलापूरला थोरल्या भावाकडे आणि एक पुण्यात आमच्याकडे. अलिबागची गाडी सर्वांत कमी चाललेली. पण खारी हवा आणि कोकणचा पाऊस यांनी तिला आतून पोखरले. दाराच्या तळाशी पाणी वाहून जायला बारीक भोके असतात. ती चिखलाने बुजली की पाणी आत साचते आणि पत्रा खायला लागतो. बाराव्या वर्षी तिच्या पायाखालचा गालिचा उचलला तेव्हा खाली रस्ता दिसला. इंजिन त्या दिवशीही एका किल्लीत सुरू झाले! सोलापूरच्या उन्हात भावाच्या गाडीचा रंग उडाला, दारांच्या रबराला भेगा पडल्या. पण पत्रा खणखणीत. इंजिन उतरवून दुसरे बसवता येते, गिअरबॉक्स बदलता येतो. गंजलेला सांगाडा कुणी बदलून देत नाही. म्हणून जुनी गाडी घेणाराने बॉनेट उघडण्याआधी गालिचा उचलावा.

चौथा ग्रह गोतावळा. आठशे १९८३ च्या डिसेंबरात बाजारात आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. मधल्या तीस वर्षांत पंचवीस लाखांहून अधिक गाड्या निघाल्या. तिच्या कुळातले ७९६ सी.सी.चे तीन सिलिंडरांचे इंजिन ओम्नीत २०१९ पर्यंत आणि लहान अल्टोत २०२३ पर्यंत नांदले. ज्या गाडीचे भाऊबंद गावोगाव, तिला सुटा भागही मिळतो आणि तिची नाडी ओळखणारा मिस्त्रीही. फार थोड्या खपलेल्या विलायती गाडीला हे सुख नाही. एका काचेसाठी ती महिनामहिना गॅरेजात अडून बसते.

आता खर्च. आमच्या घरी त्याचा हिशेब सौभाग्यवतींकडे असतो आणि त्यांच्या वहीत गाडीला दोन रकाने आहेत: ‘जेवण’ आणि ‘औषध’. टायर, बॅटरी, ऑइल, क्लच प्लेट, ब्रेकचे लायनर हे जेवण. ते तरुण गाडीलाही लागते, त्याबद्दल कुरकुर करायची नाही. इंजिन उघडणे, पत्र्याला ठिगळ, स्टिअरिंगचा सांधा हे औषध. "अहो, औषधाचा रकाना जेवणाच्या पुढे गेला की मला सांगू नका, भंगारवाल्याला सांगा," असे त्यांचे म्हणणे. एवढी सोपी कसोटी मला कोणत्याही मोटारतज्ज्ञाकडे मिळाली नाही.

परंतु गेल्या वर्षी एक प्रश्न असा निघाला, की त्याला कोणताच रकाना पुरेना. मुलगी बाळंतपणाला आली होती. बाळाला घरी कोणत्या गाडीतून आणायचे असा विषय निघाला तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "बाबा, आपली गाडी चालते हे मला मान्य आहे. पण कुणी येऊन धडकलं तर?" आमच्या गाडीचे वजन साडेसहाशे किलोच्या घरात, एअरबॅग नाही, ब्रेक दाबताच चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा नाही. २०१९ च्या जुलैपासून नव्या मोटारीत निदान चालकापुढे तरी एअरबॅग सक्तीची झाली; आमची त्याच्या एकवीस वर्षे आधीची. हा दोष म्हातारपणाचा नव्हे, जन्माचा आहे. कितीही तेलपाणी करा, तो जाणार नाही. बाळ टॅक्सीतून घरी आले.

तेव्हापासून मला वाटू लागले आहे, की गाडी किती चालेल आणि किती चालवावी हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर मिस्त्री देतो. जपलेली लहान गाडी पंधरा वर्षे सहज, आणि कोरड्या हवेत वीस-पंचवीसही. दुसऱ्याचे उत्तर घराने द्यायचे असते: कुठे जायचे, किती वेगाने, आणि कुणाला शेजारी बसवून?

आमच्या घराने ते असे दिले आहे. गाडी गावातच फिरते. मुंबईच्या द्रुतगती मार्गावर ती जात नाही, आणि नातू तिच्यात बसत नाही. टायरची नक्षी शाबूत असली तरी सहाव्या वर्षी टायर बदलायचे. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असते आणि जुन्या गाडीचे रबर त्यासाठी बनलेले नाही, म्हणून पेट्रोलच्या नळ्या दर सर्व्हिसिंगला हाताने चाचपून पाहायच्या. २०२८ साली चौथी परीक्षा आहे. तोवर चाकांच्या वरचा पत्रा नरम पडला, तर सरकारमान्य भंगार केंद्रात गाडी देऊन दाखला घ्यायचा आणि नोंदणी रद्द करून टाकायची, हेही ठरले आहे. पत्रा बोटाने दाबून पाहण्याचे काम दर पावसाळ्यानंतर माझ्याकडे. निकाल वहीत लिहिण्याचे अर्थातच सौभाग्यवतींकडे.