बिडांतला तडा

यंत्रावर माणसानें किती जीव लावावा, ह्याविषयीं आमचीं मतें वेळोवेळीं बदलत आलीं आहेत. परंतु गेल्या वैशाखांत आमची पद्मिनी तलासरीच्या अलीकडे महामार्गाच्या कडेला उभी राहिली, तेव्हां त्या मतांचा आमच्या खिशाशीं प्रथमच संबंध आला.

गाडी वडिलांनीं १९८२ सालीं घेतलेली, अजूनहि त्यांच्याच नांवावर. इंजिन १०८९ घन सेंटिमीटरचें. उष्णतेचा कांटा लाल रेषेकडे चाललेला आम्ही अच्छाडलाच पाहिला होता. पण तलासरी आतां आलीच, तेथें चहाबरोबर पाण्याचेंहि पाहूं, म्हणून तशीच दामटली. गाडी खडखडून थांबली. मग घाईघाईनें, वाफ निवण्याची वाट न पाहतां, आम्ही डबाभर गार पाणी आंत ओतलें. आंतून ‘टक्’ असा बारीक आवाज आला. तो चिरंजीवांनींहि ऐकला.

दोराला बांधलेली गाडी टेंपोमागून चारोटीमार्गें डहाणूस नेली. मिस्त्रीनें दोन दिवसांत इंजिन उघडलें. वरचें हेड ॲल्युमिनियमचें, खालचा ब्लॉक बिडाचा. तापल्यावर दोन्ही सारख्या मानानें फुगत नाहींत. हेड वांकलें होतें, पिस्टन ओरबाडले होते. आतां बोअर करून मोठे पिस्टन घालावे, कीं भंगारांतलें अख्खें इंजिन आणून बसवावें? कुर्ल्याच्या कारखान्यांतून ही गाडी निघणें केव्हांच थांबलें असल्यामुळें कोऱ्या इंजिनाचा प्रश्नच नव्हता. जुनें इंजिन स्वस्त पडतें खरें, पण तें परक्या घरीं वाढलेलें. त्याच्या खोडी बसविल्यानंतरच कळायच्या. डिझेलचें घाला, असेंहि एका आप्तांनीं सुचविलें. हे गृहस्थ स्वतः रेल्वेनें हिंडतात.

वडिलांचें मत ठाम होतें. “ब्लॉक शाबूत असेल तर इंजिन बदलायचं कशाला?”

त्या ‘तर’पाशींच आमचा जीव अडकला होता. मिस्त्रीनें विचारलें, “शेठ, गरमावर पाणी ओतलं होतं का?”

“नाही,” आम्ही म्हणालों. चिरंजीव पान्यांच्या पेटींत पाहूं लागले.

मिस्त्रीनें वाद घातला नाहीं. ब्लॉक स्वच्छ करून त्यानें त्यावर रॉकेल चोळलें, कोरड्या फडक्यानें टिपून घेतलें आणि वर खडू फांसला. फट असली तर तींत मुरलेलें रॉकेल हळूहळू खडूंत उतरतें. आम्ही तिघेहि त्या पांढऱ्या पृष्ठभागाकडे पाहत उभे होतों. दुसऱ्या व तिसऱ्या सिलिंडरच्या मधून केसाएवढी ओली रेषा उमटली. बिडाला डाग देतां येतो, पण त्या जागीं तो टिकेल अशी हमी मिस्त्री देईना. “असा तडा उगाच जात नाही,” एवढें बोलून त्यानें हात पुसले. मग मात्र आम्हीं त्याला खरें काय तें सांगितलें.

इंजिनाचा निर्णय अशा रीतीनें झाला. पण इंजिनाचा क्रमांक नोंदणीपुस्तकांत असतो; इंजिन बदललें कीं तोहि बदलून घ्यावा लागतो, आणि त्यासाठीं सही मालकाची. रात्रीं वडिलांच्या खाटेशीं बसून आम्ही सारें सांगितलें: लाल रेषा, गार पाणी, मिस्त्रीशीं बोललेलें खोटें.

ते बराच वेळ उशीखालीं चष्मा चांचपीत राहिले.

“सहीसाठी वसईच्या कचेरीत मला यावं लागलं, तर नेशील कशातून?”

“रेल्वेनं,” आम्ही म्हणालों.