तीन मिलिमीटरची वाट

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका डॉक्टर मित्राने परवा लॅपटॉपवर एका ऑपरेशनची चित्रफीत लावली आणि मी जागेवरून हललोच नाही! काही महिन्यांचं बाळ, वितीएवढी छाती, आणि आत जाणारी हत्यारं काडेपेटीतल्या काडीपेक्षा जरा जाड. तीन मिलिमीटर!

आजाराचं नाव सीपॅम. आईच्या पोटातच फुप्फुसाचा एखादा भाग बिघडतो, तिथे पोकळ्या होतात. पूर्वीच्या हिशेबाने 25 ते 35 हजार जन्मांत एखादं असं बाळ. याच जातीचा दुसरा दोष, सिक्वेस्ट्रेशन, तर त्याहून अजब. फुप्फुसाचा एक तुकडा श्वासनळीशी नातंच ठेवत नाही. काम शून्य, खुराक मात्र बहुतेक वेळा थेट महाधमनीतून!

पूर्वी यासाठी बरगड्या फाकवून छाती उघडायचे. बाळ वाचायचं, पण मोठं होताना कुणाचा कणा वाकायचा, कुणाचा खांदा. आता बाळाला कुशीवर झोपवून तीन-चार छिद्रं पाडतात. छातीत कार्बन डायऑक्साइड अगदी हलकेच सोडतात, दाब पाऱ्याचा 4 ते 6 मिलिमीटर. त्या बाजूचं फुप्फुस मिटतं, काम करायला जागा होते. तेवढा वेळ भूलतज्ज्ञ बाळाला बहुतांशी दुसऱ्या फुप्फुसावर सांभाळतो (माझ्या मते आखाड्यातला खरा पैलवान तोच). मग धमन्या, शिरा, श्वासनळीची फांदी एकेक करून बंद, आणि फुप्फुसाचा तो अख्खा खंड त्यातलंच एक छिद्र जरासं मोठं करून बाहेर. नाद खुळा!

डेन्व्हरच्या स्टीव्हन रोथेनबर्ग यांनी लहान मुलांवरच्या अशा शस्त्रक्रियांचा अनुभव 2003 मध्ये प्रसिद्ध केला. पण मला वेड लावलं ते वेगळ्याच गोष्टीने: जन्मानंतरही काही वर्षं नवे वायुकोश तयार होत राहतात, त्यामुळे उरलेलं फुप्फुस वाढून ती जागा भरून काढतं!

काहीच त्रास नसलेल्या बाळाचं ऑपरेशन करावं की थांबावं, यावर सर्जनांत मतभेद आहेत. वारंवार न्यूमोनिया होण्याची आणि क्वचित कॅन्सरची भीती असते, म्हणून अनेक जण वर्षाच्या आत उरकून टाकतात.

हा दोष बऱ्याचदा 18 ते 20 आठवड्यांच्या सोनोग्राफीत दिसतो. पुढे तो पुसट होतो, जन्मानंतरचा एक्स-रेही साफ येऊ शकतो. खरं काय ते सीटी स्कॅन सांगतो. तेव्हा बाळ छान दूध पितंय म्हणून सोनोग्राफीची ती फाइल माळ्यावर टाकू नका. सीपीआर या सरकारी रुग्णालयात असो वा खासगीत, आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि बालशल्यचिकित्सकाचं नाव विचारून घ्या.