बोर्कुमचा तेलखाऊ

साखर पुढे केली तर हा तिला तोंड लावत नाही. इतर कितीतरी जीवाणू ग्लुकोजवर तुटून पडतात, याला ते वापरताच येत नाही. याला हवं तेल. खनिज तेलातल्या अल्केन नावाच्या कार्बनच्या साखळ्या हेच याचं अन्न. दोन-चार साधी आम्लं सोडली तर हा दुसऱ्या कशाला फारसा शिवत नाही. शास्त्रीय नाव अल्कॅनिव्होरॅक्स बोर्कुमेन्सिस. उत्तर समुद्रातल्या बोर्कुम या जर्मन बेटाजवळ तो सापडला आणि १९९८ साली त्याची रीतसर नोंद झाली. नावात बेट असलं तरी त्याची वस्ती जगभरच्या समुद्रांत आहे. अंगकाठी काडीसारखी. मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातल्या दोन-तीन भागांएवढी त्याची लांबी.

स्वच्छ पाण्यात तो शोधूनही क्वचितच हाती लागतो. तरी उपाशी मरत नाही, कारण समुद्रात तेल केवळ टँकरमधून येत नाही. तळाच्या भेगांतून ते लाखो वर्षं झिरपत आलं आहे. शिवाय प्रोक्लोरोकॉकस, सिनेकोकॉकस हे सूर्यप्रकाशावर जगणारे सूक्ष्मजीव स्वतःच्या पेशींत अल्केन तयार करतात. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार हे उत्पादन वर्षाला ३० ते ७७ कोटी टन भरतं. एवढ्या शिध्यावर त्याच्यासारख्यांचा संसार चालतो. माणसानं तेलाची पहिली विहीर खणली, त्याच्या कितीतरी आधीपासूनचा हा व्यवसाय आहे.

तवंग पसरला की त्याचे दिवस पालटतात. संख्या इतकी झपाट्यानं वाढते की त्या पाण्यातल्या तेलखाऊ जीवाणूंत दहापैकी आठ-नऊ याच्याच कुळातले निघाल्याच्या नोंदी आहेत. तेल पाण्यात मिसळत नाही, ही अडचण तो स्वतःच सोडवतो. साखर आणि चरबी यांच्या जोडणीचा एक पदार्थ तो अंगातून सोडतो. भांडी घासायच्या साबणानं तेलकट थर सुटतो, तसा त्यानं तवंग फुटतो आणि बारीक थेंब होतात. थेंब बारीक झाले की त्यांचा पृष्ठभाग वाढतो, म्हणजे खायला बसायची जागा वाढते.

त्याचं जेवण जपानमधल्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आणि २०२३ साली प्रसिद्ध केलं. तेलाची सवय नसलेले जीवाणू थेंबाभोवती जाड, गोल थर करून बसतात. काही दिवस तेलावर वाढलेले मात्र थेंबाला पातळ पापुद्र्यासारखे घट्ट चिकटतात. दाटी वाढत जाते तसा थेंबाचा गोल आकार मोडतो, त्याला खळगे पडतात आणि खळग्यांतून बोटांसारख्या नळ्या फुटतात. नळ्या वाढल्या की आणखी जागा, आणखी जेवणारे. पाहता पाहता अख्खा थेंब पोखरला जातो.

पेशीच्या आत काम शिस्तीत चालतं. साखळीच्या टोकाला आधी ऑक्सिजनचा एक अणू जोडला जातो, तिचं अल्कोहोल होतं आणि पुढे मेदाम्ल. मग दोन-दोन कार्बनचे तुकडे तोडत ती संपवली जाते. शेवटी उरतं कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि त्याचं वाढलेलं कुटुंब. अल्केन संपले की संख्या ओसरते, आणि पाण्यातले एकपेशीय शिकारी त्याला गिळतात. अशा रीतीनं तेलातला कार्बन अन्नसाखळीत रुजू होतो. कड्यांच्या रचनेची, जास्त विषारी संयुगं याला झेपत नाहीत. ते काम सायक्लोक्लास्टिकससारखे दुसरे जीवाणू उचलतात.

एवढा कामसू, पण त्याच्या गरजा पुरवल्या नाहीत तर तोही हात टेकतो. तेलातून कार्बन मुबलक मिळतो, पण वाढायला नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतात, आणि ते पाण्यात बेताचेच असतात. मार्च १९८९ मध्ये अलास्कात एक्सॉन व्हॅल्डेझ टँकर फुटला, तेव्हा किनाऱ्यांवर खत टाकून तिथल्याच तेलखाऊ जीवाणूंना बळ दिलं गेलं, आणि सफाईला वेग आला. पण जे तेल गोट्यांखाली मुरलं, त्याला पुरेसा ऑक्सिजन पोचला नाही. ते पुढे कित्येक वर्षं तिथेच सापडत राहिलं.

आपल्या किनाऱ्यालाही हेच नियम लागू आहेत. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ एमएससी चित्रा आणि खलिजिया ही जहाजं एकमेकांवर आदळली आणि तेल रायगडच्या कांदळवनापर्यंत गेलं. कांदळवनाच्या चिखलात जरा खाली गेलं की ऑक्सिजन नसतोच, तिथे मुरलेलं तेल फार सावकाश कुजतं. गोव्याच्या किनाऱ्यांवर पावसाळ्याच्या सुमारास लागणारे डांबरगोळेही असेच चिवट. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत त्यांच्यावर वाढणाऱ्या जीवाणूंचा अभ्यास झाला आहे. पण पचायला सोपा भाग आधीच संपलेला असतो आणि मागे जड डांबर उरतं, म्हणून हे गोळे लवकर संपत नाहीत.

म्हणून या तेलखाऊच्या भरवशावर समुद्र सोडून देणं हा अन्याय आहे, त्याच्यावर आणि समुद्रावरही. सांडलेलं तेल पहिल्या काही दिवसांत अडवून उपसणं हे माणसाचं काम. हाताला न येणारा उरलेला तवंग त्याचा. बोटीच्या इंजिनाचं जळकं ऑइल खाडीत ओतणाऱ्यानं लक्षात ठेवावं की त्यातले धातू कोणताही जीवाणू खाऊन संपवू शकत नाही. ते ऑइल डब्यात भरून परत आणा आणि ते गोळा करणाऱ्याकडे द्या. समुद्रात तेलखाऊला आधीच पुरेसं काम आहे.