गाडी खाकरायली

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. पप्पांचा फोन आला. ऊस, पाणी, शेजारच्यांचं लग्न असं सगळं झाल्यावर फोन ठेवता ठेवता म्हणाले, "आणि गाडी जराशी खाकरायली रे."

"खाकरायली म्हणजे?"

"म्हणजे घशात काहीतरी अडकल्यावर माणूस कसं करतो, तसं. चढाला नाही, सपाटीलाच. पन्नास-साठला गेली की थरथर करती आन मग गप."

मी म्हटलं, "रस्ता खराब असेल." हिंगोली जिल्ह्यात ही सबब कधीही चालते :-) पप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेत तेहेतीस वर्षं मास्तर होते. मुलगा इंजिनिअर म्हणजे त्याला जास्त कळतं, यावर त्यांचा अजूनही विश्वास आहे. ते "बरं" म्हणाले आणि विषय संपला. मी सुद्धा विसरलो.

आधी गाडीबद्दल सांगतो. पप्पांचा डावा गुडघा गेलेला. वसमतहून आमचं गाव फार लांब नाही, पण शेत, मोंढा, नांदेडचा दवाखाना अशी रोजची ये-जा. प्रत्येक गतिरोधकाला क्लच दाबताना त्यांचा चेहरा कसा व्हायचा ते मी शेजारी बसून पाहिलंय. म्हणून पुण्यात सेकंडहँड गाड्या शोधून एक २०१२ ची आय-टेन ऑटोमॅटिक घेतली आणि स्वतः चालवत गावी नेऊन दिली. डाव्या पायाला काही कामच नाही म्हटल्यावर पहिले दोन दिवस पप्पांना तो पाय कुठे ठेवावा तेच कळेना. नंतर मात्र असे रमले की काकाला सुद्धा बाजूला बसवून मुद्दाम नांदेडला नेऊन आणलं.

दोन वर्षं गाडी उत्तम चालली. मग उन्हाळ्यात पप्पा-मम्मी पुण्याला आले तेव्हा मी म्हटलं, चला, सगळी तेलं बदलून देऊ. घराजवळच्या एका गॅरेजमध्ये गाडी टाकली. बिलावर 'गिअर ऑइल चेंज' एवढंच लिहिलं होतं. कोणतं ऑइल? मी विचारलंच नाही. कामात मी कुठलीही लायब्ररी घेताना तिची व्हर्जन तीनदा तपासतो, आणि इथे बापाच्या गाडीत काय ओतलं ते विचारावंसं सुद्धा वाटलं नाही.

असो. फेब्रुवारीत गावी जायचं ठरलं तेव्हा पप्पांनी पुन्हा खाकरण्याचं काढलं. या वेळी म्हणाले, "आता मी नांदेडला यष्टीनं जायलोय." हे ऐकल्यावर मात्र पोटात गोळा आला. गुडघा दुखणारा माणूस यष्टीच्या पायऱ्या चढतोय, कारण मुलगा म्हणाला रस्ता खराब आहे.

मग मी रात्री बसून वाचायला सुरुवात केली. गाडी शिकलेल्या माणसाला हे माहीत असेलच, पण माझी डिग्री कॉम्प्युटरची, म्हणून मला जसं समजलं तसं सांगतो.

साध्या गिअरबॉक्समध्ये तेलाचं मुख्य काम म्हणजे दाते झिजू न देणं. टॉर्क कन्व्हर्टरवाल्या ऑटोमॅटिकमध्ये तेच तेल चार नोकऱ्या करतं. इंजिनाची ताकद पुढे पोचवायची ती तेलातूनच. गिअर बदलायला आतल्या झडपा दाबायच्या त्या तेलाच्याच दाबानं. उष्णता वाहून न्यायची. आणि चौथं काम सगळ्यात विचित्र: आतल्या क्लचच्या चकत्या तेलात बुडालेल्या असतात, त्यांनी घसरायचं किती आणि पकडायचं किती हेही तेलच ठरवतं. म्हणजे वंगण सुद्धा हवं आणि घर्षण सुद्धा हवं! त्यासाठी तेलात घर्षण बदलणारी द्रव्यं मोजून घातलेली असतात. त्यांचं प्रमाण किंवा प्रकार त्या गिअरबॉक्सला जुळला नाही तर चकती पकडते-सुटते, पकडते-सुटते. फळ्यावर खडू चुकीच्या कोनात धरला की कर्रर्र वाजतो आणि तुटक रेघ उमटते, तसंच. पप्पांचं 'खाकरणं' ते हेच.

(या घर्षण-द्रव्यांची एक गोष्ट वाचून मी थक्क झालो. जनरल मोटर्सनं १९६७ मध्ये डेक्स्रॉन नावाचं जे तेल आणलं त्यात या कामासाठी स्पर्म व्हेल देवमाशाचं तेल वापरत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत त्यावर बंदी आली, आणि त्याच्या जागी दुसरं काय घालायचं यात कंपन्यांची चांगलीच तारांबळ उडाली. देवमासा वाचला तर गिअरबॉक्स खाकरायला लागले!)

आता माझी हुशारी ऐका. आमच्या गाडीच्या चार गिअरच्या ऑटोमॅटिकला एसपी-थ्री नावाचं तेल लागतं असं एके ठिकाणी वाचलं. ते शोधताना दुकानात दिसलं एसपी-फोर. मी म्हटलं वा! तीनपेक्षा चार नवीन, नवीन म्हणजे चांगलं, आणि जुन्याला चालणारच. चार डबे घेतले, बॅगेत कपड्यांमध्ये गुंडाळले आणि रात्रीच्या गाडीनं वसमतला उतरलो.

हळदीचा मोसम होता. सकाळी सकाळी सगळीकडे हळद शिजवल्याचा वास. चहा घेऊन आम्ही गाडी घेऊन चाचांच्या गॅरेजला गेलो. चाचा म्हणजे पप्पांच्या एका विद्यार्थ्याचे वडील. ट्रॅक्टर, जीप, छोटा हत्ती असं सगळं दुरुस्त करतात, पण ऑटोमॅटिकला हात लावायला आधी नाहीच म्हणाले. गुरुजींचं मन मोडवेना म्हणून तयार झाले.

खालचा बोल्ट सोडला आणि तेल मापाच्या डब्यात धरलं. जितकं निघेल तितकंच परत घालायचं म्हणून मोजून. नवीन तेल रूहअफजासारखं लाल असतं. हे कोऱ्या चहासारखं काळपट होतं आणि जळका वास. साधारण साडेतीन लिटर निघालं. मी माझे डबे पुढे केले. चाचांनी एक डबा हातात घेतला, फिरवून पाहिला आणि पप्पांना विचारलं, "गुरुजी, किताबात काय लिवलंय?"

मी म्हटलं, "चाचा, हे त्याच्या पुढचं आहे. लेटेस्ट."

"ते असंल हो सायब. पण किताब काय म्हणतंय?"

सेकंडहँड गाडीसोबत पुस्तक आलं होतं हे मलाच माहीत नव्हतं. पप्पांनी डिकीतून एक प्लास्टिकची पिशवी काढली. तिच्यात खाकी कव्हर घातलेलं, कोपऱ्यात लेबल लावून वर गाडीचा नंबर सुवाच्य अक्षरात लिहिलेलं पुस्तक! चौथीच्या वर्गाची वही वाटावी असं. चष्मा लावून त्यांनी वंगणांचं पान काढलं आणि वर्गात वाचतात तसं मोठ्यानं वाचलं, "ए टी एफ, एस पी, थ्री." मग डब्याकडे पाहिलं. "हे तर चार हाय."

मी फोन काढला आणि आधी करायला हवं होतं ते तेव्हा केलं. एसपी-फोर हे ह्युंडाईच्या नंतरच्या सहा गिअरच्या ऑटोमॅटिकसाठी आहे, ते पातळ आहे, आणि एसपी-थ्रीच्या जागी चालत नाही. मला चीड आली ती याची, की यात काही नियम सुद्धा नाही. जनरल मोटर्सचं डेक्स्रॉन-सिक्स त्यांच्या जुन्या डेक्स्रॉनवाल्या गाड्यांना चालतं. होंडाचं डीडब्ल्यू-वन त्यांच्या जुन्या झी-वनच्या जागी आलंय. पण टोयोटाचं डब्ल्यूएस त्यांच्याच टी-फोरच्या जागी चालत नाही. नावावरून, नंबरावरून, रंगावरून काहीच कळत नाही. लाल तर सगळेच दिसतात. तो नुसता रंग टाकलेला असतो.

पप्पांनी माझ्या पडलेल्या चेहऱ्याकडे बघून काकाला विचारलं (काका हे सगळं बघायला आलाच होता), "आपल्या नव्या ट्रॅक्टरला नव्वद नंबर घातलं होतं, आठवतंय का?"

काका हसायलाच लागला. मी तेव्हा शाळेत होतो. जुन्या ट्रॅक्टरला गिअरमध्ये नेहमी नव्वद नंबर ऑइल जायचं, तेच सवयीनं नव्याला घातलं. नव्याचे ब्रेक तेलातले. गिअर, हायड्रॉलिक, ब्रेक सगळं एकाच तेलात. ब्रेक दाबला की असा किंचाळायचा की बैलं दावं तोडायची. तेलातल्या ब्रेकच्या चकत्यांना घर्षण जुळवलेलं वेगळं तेल लागतं हे तेव्हा चाचांनीच शोधून काढलं होतं. म्हणजे मी रात्रभर जागून जे शिकलो ते या तिघांना पंधरा वर्षांपासून माहीत होतं! फक्त त्यांनी त्याला 'फ्रिक्शन मॉडिफायर' म्हटलं नव्हतं.

शनिवार होता आणि गाडी खड्ड्यावर, पोट रिकामं. चुलतभावाची मोटारसायकल घेऊन मी नांदेडला निघालो, चाळीसेक किलोमीटर. पहिल्या दुकानात थ्री नव्हतं. दुसऱ्या दुकानदारानं सांगितलं, "फोर घेऊन जा ना, लेटेस्ट आहे." मला त्याला मिठी मारावीशी वाटली :-) तिसऱ्या ठिकाणी मिळालं.

परत आल्यावर चाचांनी मोजून साडेतीन लिटर घातलं. मग गाडी थोडी फिरवून गरम केली, सपाट जागी उभी केली, आणि इंजिन चालू ठेवूनच, गिअरचा दांडा सगळ्या जागी एकदा फिरवून, पट्टीवर 'हॉट'च्या खुणेत तेल आहे का ते पाहिलं. इथेही गंमत आहे. होंडाच्या ऑटोमॅटिकला हेच इंजिन बंद करून, दीड मिनिटाच्या आत पाहायचं असतं. प्रत्येक घरची रीत वेगळी.

एकदा बदलून भागत नाही, कारण टॉर्क कन्व्हर्टरमधलं तेल आतच राहतं, जवळपास निम्मंच बाहेर येतं. म्हणजे पहिल्या बदलानंतर जुनं अर्धं, दुसऱ्यानंतर पाव, तिसऱ्यानंतर आठवा हिस्सा. हे गणित मी तोंडी सांगितल्यावर पप्पांच्या चेहऱ्यावर त्या दिवसात पहिल्यांदा माझ्याबद्दल थोडा आदर दिसला. दुसरा बदल दोन आठवड्यांनी, तिसरा एप्रिलमध्ये, दोन्ही चाचांनीच केले. माझे चार नंबरचे डबे अजून पुण्यातल्या कपाटात आहेत. कुणाकडे सहा गिअरची जुनी ह्युंडाई असेल तर घेऊन जा, पण आधी पुस्तक बघा.

एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. त्या दिवशी गॅरेजमध्ये आणखी एक जण आला होता. त्याची सेलेरियो. "माझी बी ऑटोमॅटिकच हाय, मला बी हेच लाल टाका" म्हणाला. चाचांनी माझ्याकडे पाहिलं. ती एएमटी निघाली. २०१४ मध्ये सेलेरियोनं ही पद्धत आपल्याकडे स्वस्तात आणली आणि तेव्हापासून गावोगाव 'ऑटोमॅटिक' आल्या. पण तिच्यात आतला गिअरबॉक्स साधाच असतो, फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला यंत्र बसवलेलं. तिला साधं गिअर ऑइल लागतं, आणि त्या यंत्राचं तेल वेगळं. सीव्हीटीचं तर तिसरंच: तिथे लोखंडी पट्टा लोखंडी पुलीवर घट्ट धरायचा असतो, नेहमीचं एटीएफ घातलं तर पट्टा घसरून सगळं खरडून निघेल. क्लच पेडल नाही एवढ्यावरून आपण तिघींना एकच नाव दिलंय. तो बिचारा पुस्तक आणायला घरी गेला.

मे महिन्यात मीच फोन करून विचारलं, "पप्पा, गाडी कशीय?"

"कशाला, काय झालं?"

"खाकरते का अजून?"

"सकाळच्या पारी थंड असली तर एखाद्यावेळी. एरवी नाही." मग जरा थांबून म्हणाले, "काल हळदीची दोन पोती नेली मोंढ्यात."

"पोती? आय-टेनमध्ये?"

"मागचं शीट पाडलं की बसतेत."