डब्लिनमधील एका मजुराची वाट

आयर्लंडची राजधानी डब्लिन ही लिफी नदीच्या दोन्ही तीरांवर वसलेली आहे. कस्टम हाउसच्या भव्य इमारतीजवळच्या पुलाला कोणा राजाचे वा सेनापतीचे नाव नाही. १९७८ साली बांधलेला हा पूल मॅट टॅल्बट या गरीब मजुराच्या नावाने ओळखला जातो. त्याच्या जीवनाच्या खुणा पाहावयाच्या तर पूल ओलांडून उत्तरेकडे पायीच निघावे.

याच भागात १८५६ साली मॅट जन्मला. बाराव्या वर्षी तो एका मद्यव्यापाऱ्याकडे कामास लागला आणि बाटल्या भरता भरता स्वतःच पिऊ लागला. पुढील सोळा वर्षे त्याची मिळकत गुत्त्यात गेली. पायांतले बूटही तो गहाण टाकी. एकदा तर रस्त्यावर व्हायोलिन वाजवून पोट भरणाऱ्या एका माणसाचे वाद्यच त्याने सोबत्यांसह चोरून विकले.

१८८४ मधील एका शनिवारी, हाती पैसा नसताना, तो गुत्त्याबाहेर उभा होता. ज्यांना त्याने आजवर पाजले, त्यांपैकी एकानेही त्याला आत बोलाविले नाही. तो घरी परतला आणि क्लॉनलिफ येथील होली क्रॉस कॉलेज या तेव्हाच्या सेमिनरीत जाऊन त्याने पापनिवेदन केले व मद्यत्यागाची शपथ घेतली. ती शपथ जन्मभराची नव्हती, अवघ्या तीन महिन्यांची होती. मुदत संपली की तो ती वाढवीत गेला.

शपथेने दारू सुटली, पण संध्याकाळ रिकामी पडली. काम संपल्यापासून झोपेपर्यंतचे ते तास आजवर गुत्त्याचे होते. आता ते कोणाचे? मॅटने वाटच बदलली. जुने सोबती टाळून तो दूरदूरच्या चर्चपर्यंत चालत जाई. एकदा मोह अनावर होऊन तो गुत्त्यात शिरला. गर्दीत त्याच्याकडे कोणी लक्ष दिले नाही, तेव्हा तो तसाच बाहेर पडला आणि चर्च बंद होईपर्यंत तेथे बसून राहिला. त्या दिवसापासून खिशात पैसे बाळगावयाचे नाहीत, असा त्याने नियम केला.

दिवसा तो गवंड्यांच्या हाताखाली, व पुढे लाकडाच्या वखारीत, राबे. रात्री अपर रटलंड स्ट्रीटवरील आपल्या खोलीत तो वाची. शाळा जेमतेम झालेली. तरी संत ऑगस्टीनचे आत्मनिवेदन तो शब्द शब्द लावून वाची आणि अडले की धर्मगुरूंना विचारी. त्याने जुनी उधारी फेडली. त्या व्हायोलिनवाल्याचा पुष्कळ शोध केला. तो सापडेना, तेव्हा त्याच्यासाठी मिस्सा अर्पण करविल्या. स्वतः अर्धपोटी राहून उरलेले पैसे तो गरजू शेजाऱ्यांना व चीनमधील मिशनकार्याला देई. अशी एकेचाळीस वर्षे गेली.

पुढे ग्रॅनबी लेन ही अरुंद गल्ली लागते. ७ जून १९२५ रोजी, पवित्र त्रैक्याच्या रविवारी, मिस्सेस जाताना तो येथेच कोसळला. प्रायश्चित्तासाठी धारण केलेल्या साखळ्या त्याच्या अंगावर आढळल्या आणि लोकांत त्यांचीच चर्चा अधिक झाली. परंतु त्याला मद्यापासून दूर ठेवले ते भरगच्च दिवसाने व भरलेल्या संध्याकाळीने. शॉन मॅकडर्मट स्ट्रीटवरील लूर्दमातेच्या चर्चमध्ये १९७२ पासून त्याचे अवशेष आहेत. १९७५ साली पोप सहावे पॉल यांनी त्याला वंदनीय घोषित केले.

वाचकहो, आपल्या गावातही दारू सोडू पाहणारा कोणी असेल. अनेक वर्षे भरपूर पिणाऱ्याने एकाएकी पिणे थांबविले तर कापरे भरते, झटकेही येऊ शकतात. म्हणून प्रथम त्याला डॉक्टरांकडे न्यावे. त्यानंतर मात्र नुसता उपदेश करू नये. दिवेलागणीला त्याच्या दारी जावे, त्याला गायनमंडळात बोलवावे, मुलांचा अभ्यास त्याच्याकडे सोपवावा, निदान चार पावले त्याच्यासोबत चालावे. मॅटला गुत्त्याच्या दारातून कोणी हाक मारली नाही. आपण आपल्या घराच्या दारातून ती मारावी.